नुसत्या आवाजावरून अंतर: पाण्यातून सुसाट जाणारी वस्तू किती लांब आहे?

पाणकान

दिवाळीत देवबागला मावशीकडे गेलो होतो. सगळे त्सुनामी बेटावर जेट-स्की खेळत होते आणि मी खाडीच्या काठावर पाण्यात वायर सोडून बसलो होतो. मावशीला वाटलं, मासे पकडतोय.

वायरच्या टोकाला घरी केलेला हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक, होता. बझरमध्ये असते ती २७ मिलिमीटरची पितळी चकती, तिला शिल्डेड वायर, एफईटी ट्रान्झिस्टरचा छोटा प्रीअँप (क्षीण सिग्नल वाढवणारा) आणि हे सगळं प्लास्टिकच्या डबीत एरंडेल तेलात बुडवलेलं. एरंडेल अशासाठी की त्यातून आवाज जवळजवळ पाण्यासारखाच जातो, त्यामुळे सीमेवर फारसा परत फिरत नाही. खऱ्या, महागड्या हायड्रोफोनमध्येही तेच वापरतात. मला किराणा दुकानात मिळालं. दुकानदारानं "पोट साफ होत नाही का?" एवढं विचारलं.

हेडफोन लावला की पहिल्यांदा ऐकू येते ती तडतड. तव्यावर मोहरी टाकावी तशी, अखंड. मग मधूनच बोट. लांबून येते तेव्हा बारीक शिट्टी, समोरून गेली की तीच शिट्टी थोडी खाली येते. फलाटावरून न थांबता जाणाऱ्या गाडीच्या भोंग्याचं होतं तेच.

आता प्रश्न. एका सरळ रेषेत, एकाच वेगानं बोट गेली तर या शिट्टीवरून दोन गोष्टी निघायला हव्यात.

वेग: आधीचा सूर वजा नंतरचा सूर, गुणिले ध्वनिवेग, भागिले मूळ सुराची दुप्पट.
सगळ्यात जवळचं अंतर: (मूळ सूर × वेगाचा वर्ग) ÷ (ध्वनिवेग × सूर उतरण्याची सर्वाधिक गती).

माझे आकडे: आधी १०८८.४ हर्ट्झ, नंतर १०७१.६, म्हणजे मूळ १०८०. पाणी २८ अंश, म्हणून ध्वनिवेग १५४१ मीटर प्रतिसेकंद धरला. वेग आला १२ मीटर प्रतिसेकंद, साधारण २३ नॉट. बोटवाला म्हणालाच होता "बावीस-तेवीस". इथपर्यंत मी हवेत.

मग उतार मोजला: सेकंदाला १.२९ हर्ट्झ. अंतर आलं ७८ मीटर.

आणि बोट गेली होती चाळीस-बेचाळीस मीटरवरून! मावसभावानं दोरीला गाठी मारून ४० मीटरवर लाल बोया टाकला होता आणि बोट त्याच्या अगदी बाहेरून गेली, हे आम्ही दोघांनी पाहिलंय. वेग बरोबर आणि अंतर जवळजवळ दुप्पट, असं कसं? जाणकारांनी कान उपटावेत.

बुडबुडा

धागा आवडला. चूक कुठे ते सांगता येणार नाही, पण तारकर्लीला डायव्हिंग करताना रोजचा अनुभव सांगतो. पाण्याखाली बोटीचा आवाज येतो तेव्हा ती डावीकडे आहे, उजवीकडे आहे की डोक्यावर, काही म्हणजे काही कळत नाही. आवाज डोक्याच्या आतून आल्यासारखा वाटतो. आमचे इन्स्ट्रक्टर सांगतात: आवाज आला की वर बघायचं, अंदाज करायचा नाही.

कारण साधं आहे. हवेत एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत आवाजाला जास्तीत जास्त ०.६ मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, मेंदू त्यावर दिशा ठरवतो. पाण्यात आवाज साडेचार पट वेगानं जातो, तर तो फरक ०.१३ वर येतो. शिवाय कवटीच्या हाडातूनही आवाज आत शिरतो. दिशेची ही गत, तर अंतराचं काय बोलायचं!

शंकासूर

१५४१ हा आकडा समुद्राचा. तुम्ही बसलात कर्ली नदीच्या खाडीत. ओहोटीला तिथे गोडं पाणी उतरतं. खारटपणा कमी, ध्वनिवेग कमी. पायाच चुकीचा, मग इमारत वाकडी होणारच. शिवाय पितळी चकतीनं विज्ञान होत नसतं.

त्रिज्या

शंकासूर, मुद्दा बरोबर, वजन चुकीचं. २८ अंशाला खारटपणा हजारात ३५ ऐवजी २० धरला तर ध्वनिवेग १५४१ चा सुमारे १५२५ होतो. पाणकान यांचा वेगसुद्धा याच आकड्यातून निघतो, त्यामुळे शेवटी अंतर ध्वनिवेगाच्या सरळ प्रमाणात येतं. म्हणजे शंभरात एकाची चूक. ७८ चे ७७ होतील. आपल्याला ४० हवेत.

आणि पितळी चकतीबद्दल: १८२६ साली कोलाडोन आणि स्टुर्म यांनी जिनिव्हा सरोवरात पाण्यातल्या ध्वनीचा वेग मोजला तो एक घंटा, थोडी बंदुकीची दारू आणि एक लांब कर्णा घेऊन. रोल गावाजवळ एक होडी, पलीकडे थोनोंजवळ दुसरी, मध्ये १३,४८७ मीटर पाणी. पाण्याखालच्या घंटेवर हातोडा पडला की त्याच क्षणी वर दारू भडकायची. पलीकडचा माणूस भडका बघून घड्याळ सुरू करायचा आणि पाण्यात बुडवलेल्या कर्ण्याला कान लावून बसायचा. ९.४ सेकंदांनी ठण्ण. ८ अंश पाण्यात १४३५ मीटर प्रतिसेकंद! आजच्या आकड्याशी ताडून बघा.

पण त्यांच्याकडे भडका होता. आवाज कधी निघाला ते माहीत असेल तरच घड्याळ लावता येतं, वीज चमकल्यावर आपण आकडे मोजतो तसं. पाणकान यांच्या बोटीनं भडका केलेला नाही, ती नुसती वाजत गेली. मग त्यांना अंतर मिळतं कशातून? तर ती हलतेय यातून. हायवेच्या कडेला उभं राहिलात तर रुग्णवाहिकेचा सूर धाडकन पडतो. तीच तुम्ही लांब शेताच्या बांधावरून ऐकलीत तर तोच सूर, तेवढाच, पण सावकाश उतरतो. किती उतरला यावरून वेग, किती झटकन उतरला यावरून अंतर. सूत्र निर्दोष आहे. मला वाटतं, चूक उतार मोजण्यात आहे.

खाडीवयलो

माका गणित कळणा नाय, पण एक सांगतंय. जेटी जवळ इली काय बोटवालो गॅस उतरवता. नायतर लाट उठता, बांधलेली होडी एकमेकार आपटतत आणि मगे गाळी खाऊक लागतत. गॅस उतारलो तर शिट्टी पण उतारतली. ती बोट म्होरे गेली म्हणान उतारली काय गॅस सोडलो म्हणान, ह्या तुमका कसा कळला?

त्रिज्या

खाडीवयलो, हा या धाग्यावरचा आत्तापर्यंतचा सगळ्यात चांगला प्रश्न.

पाणकान

खाडीवयलोनू, बरोबर धरलात. पण मावसभाऊ त्या बोटीतच बसला होता, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवून. त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये तीच शिट्टी आहे आणि ती १०८० च्या आसपासच राहिली आहे, हललेली नाही. इंजिन ५००० फेऱ्यांवर होतं, म्हणजे सेकंदाला ८३. शिट्टी त्याच्या १३ पट येते, म्हणून माझा अंदाज की ती खालच्या गिअरच्या दात्यांची असावी. पंख्याचा स्वतःचा सूर फार खाली येतो, सव्वाशे हर्ट्झला. तिथे सगळा फरक मिळून दोन हर्ट्झ होतो, म्हणून मी तो सोडला.

बोटवाल्याला आधीच सांगितलं होतं की काटा हलवू नको. त्याबद्दल त्यानं पन्नास रुपये जास्त घेतले.

विदाविदूषक

स्पेक्ट्रोग्राम (वेळेनुसार सुराचं चित्र) काढताना विंडो, म्हणजे एका वेळी घेतलेल्या नोंदी, किती ठेवली होती? आणि सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला नोंदी, किती?

पाणकान

रेकॉर्डिंग ४४,१०० वर. फाइल मोठी होते म्हणून ४००० वर आणली. विंडो ३२,७६८. त्यापेक्षा लहान ठेवली की रेघ जाड दिसत होती. ही मस्त केसासारखी बारीक आली.

विदाविदूषक

सापडला चोर.

३२,७६८ भागिले ४००० म्हणजे ८.२ सेकंद. तुमच्या चित्रातला प्रत्येक उभा रकाना हा आठ सेकंदांच्या आवाजाची सरासरी आहे. आणि बोट तुमच्या समोरून जाण्याचा सगळा खेळ कितीचा? ४० मीटर भागिले १२, म्हणजे सव्वातीन सेकंद अलीकडे आणि तेवढेच पलीकडे. कडा तुम्ही स्वतःच घासून बोथट केलीत आणि मग म्हणताय उतार कमी आला.

वेग का बरोबर आला तेही यातच आहे. वेग निघतो लांबच्या, सपाट भागातून. तिथे आठ सेकंद घ्या नाहीतर ऐंशी, सूर तोच. मार बसला तो फक्त मधल्या वळणाला.

विंडो ८१९२ करा, म्हणजे दोन सेकंद. रेघ जाडी होईल, अर्ध्या हर्ट्झची. होऊ दे. बारीक रेघेचा मोह वाईट, मी स्वतः त्यात एक अख्खा सेमिस्टर घालवलाय.

जुना नाविक

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज राहवलं नाही. नौदलात सोनारवर (आवाजानं पाण्याखालच्या वस्तू शोधणारं यंत्र) बरीच वर्षं काढली. जे लिहितोय ते सगळं पाठ्यपुस्तकातलं आहे, त्यामुळे काळजी नको.

विदाविदूषक यांनी जो चोर पकडला तो आमच्याकडेही रोज येतो, फक्त वेगळा सदरा घालून. आम्ही नुसतं ऐकत नाही, आवाज करतोही. पिंग सोडायचा, प्रतिध्वनीची वाट बघायची, वेळेला ध्वनिवेगानं गुणून निम्मं करायचं. तीन किलोमीटरवरून उत्तर यायला चार सेकंद लागतात. समोर ४० नॉटनं, म्हणजे सेकंदाला २०.६ मीटर, येणारी वस्तू असेल तर प्रतिध्वनी तिच्यावर आपटून निघाला तेव्हा ती होती तिथे आता ती नाही. परतीच्या दोन सेकंदांत ती ४० मीटर पुढे सरकली. तुम्हाला कळतं ते नेहमी शिळं अंतर. पण ही चूक सरळ आहे, वेग कळला की वजा करून टाकता येते.

खरी भानगड पिंगच्या आकारात. समजा १० किलोहर्ट्झचा एकच सूर अर्धा सेकंद वाजवला. परत येताना वस्तू जवळ येत असेल तर सूर चढून येतो, ४० नॉटला सुमारे २६७ हर्ट्झ चढतो, कारण जाताना एकदा आणि येताना एकदा असा डॉप्लर (हलण्यामुळे सुरात पडणारा फरक) दोनदा लागतो. अर्ध्या सेकंदाचा सूर दोनेक हर्ट्झपर्यंत ओळखता येतो, म्हणजे वेग सेकंदाला वीतभर इतका अचूक. पण अंतर? अर्धा सेकंद लांब पिंग पाण्यात ३८५ मीटरचा ठसा उमटवतो. वेग सोनाराच्या काट्यावर आणि अंतर भंगारवाल्याच्या. (आमच्यात हा विनोद चालायचा. सोनारवाले ते सोनारच.)

मग अंतरासाठी दुसरा पिंग: सूर खालून वर चढवत न्यायचा, कोकिळेसारखा. अर्ध्या सेकंदात १००० हर्ट्झ. आलेल्या प्रतिध्वनीवर मूळ सूर सरकवत न्यायचा आणि जिथे चपखल बसेल तिथे बोट ठेवायचं. अंतर मीटरभरापर्यंत नेमकं मिळतं, वस्तू उभी असेल तर. ती ४० नॉटनं येत असेल तर सगळा प्रतिध्वनी २६७ हर्ट्झ वर सरकलेला असतो. चढत्या सुरात वर सरकणं म्हणजे लवकर आल्यासारखं दिसणं. हिशेब करा: ०.१३ सेकंद लवकर, म्हणजे अंतर १०० मीटर कमी. यंत्र ठामपणे खोटं बोलतं आणि दशांश चिन्हासकट बोलतं.

उपाय? एकदा चढता, एकदा उतरता सूर सोडायचा. एकात वस्तू जवळ दिसते, दुसऱ्यात तेवढीच लांब, दोन्हींचं मधलं घ्यायचं. आणि दोन्हींतला फरक फुकट जात नाही, त्यातून वेग निघतो. आणखी एक प्रकार आहे, हायपरबोलिक चढाचा. त्यात वेगामुळे प्रतिध्वनी ताणला किंवा आखडला तरी मूळ सुराशी त्याची ओळख पुसट होत नाही. पण अंतर सरकायचं ते सरकतंच, फक्त उत्तर धूसर होत नाही. तरुण पोरं या दोन गोष्टींत नेहमी गोंधळ करायची.

कानानं काम चालायचं तेव्हा याहून सोपं होतं. पिंग सोडला की समुद्र स्वतः गुणगुणतो, लाटांवरून, तळावरून, कणाकणावरून परत येणारा एक लांब हुंकार. तो तुमचा तंबोरा. प्रतिध्वनी त्यापेक्षा चढा लागला की वस्तू येतेय, उतरलेला लागला की जातेय. ज्यांना गाण्याचा कान होता ते यात पुढे असायचे.

पाणकान

विदाविदूषक, पायाचं तीर्थ द्या.

विंडो ८१९२ केली. रेघ खरंच गोगलगायीच्या वाटेसारखी जाड आणि चिकट दिसते. पण मधला उतार आता सेकंदाला २.४ हर्ट्झ. अंतर ४२ मीटर!

मग हाव सुटली म्हणून विंडो २०४८ केली, अर्धा सेकंद. तेव्हा सगळी रेघ दोन-दोन हर्ट्झच्या पायऱ्यांची झाली, दगडी जिन्यासारखी, आणि उतार कुठला धरायचा तेच कळेना. म्हणजे दोन सेकंद हे माझ्या या बोटीचं माप. वीस मीटरवरून गेली असती तर बहुधा एक सेकंद लागला असता.

जुना नाविक काका, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मी ज्या दुखण्यानं पडलो ते दुखणं इतकं खानदानी आहे हे माहीत नव्हतं.

शंकासूर

ठीक, चकतीबद्दलचे शब्द मागे घेतो. पण आता खरी शंका. पाणकान यांची बोट समोरून आडवी गेली. टॉर्पेडो (पाण्याखालून जहाजावर सोडतात ते अस्त्र) आडवा जात नाही, तो अंगावर येतो. पिंग न सोडता, नुसतं ऐकून त्याचं अंतर कसं काढणार? उतार कुठून आणणार?

त्रिज्या

उतार नसेलच. नाकासमोर येणाऱ्या वस्तूचा सूर चढा तो चढाच राहतो, आदळेपर्यंत. दिशाही बदलत नाही. सूत्रात सगळीकडे शून्य. पुढचं काकाच सांगतील.

जुना नाविक

त्रिज्याताईंनी नेमकं सांगितलं. जहाजावर पहिल्या आठवड्यात शिकवतात: बेअरिंग (आवाजाची दिशा) हलत नाही आणि आवाज वाढतोय, म्हणजे ते तुमच्याकडेच येतंय. तिथे कोणी अंतर विचारत बसत नाही. सुकाणू आधी, गणित नंतर.

तरी शंकासूर यांचा प्रश्न टाळत नाही. नुसतं ऐकून अंतर काढायची रीत अशी. एसटीच्या खिडकीतून बघा, जवळचे खांब पळतात, लांबचा डोंगर हलत नाही. दिशा किती वेगानं बदलते यावर अंतर. पण इथे खांबही स्वतः चालतोय. जवळून हळू जाणारी वस्तू आणि लांबून जोरात जाणारी वस्तू, दोघींची दिशा सारख्याच गतीनं बदलू शकते. नुसतं ऐकत सरळ जात राहिलात तर जन्मभर कळणार नाही की कोणती खरी.

म्हणून आपण वळायचं. १९५८ साली अमेरिकन नौदलातल्या एकलंड नावाच्या लेफ्टनंटनं याचा सुटसुटीत हिशेब बसवला आणि तो आजही त्याच्याच नावानं ओळखला जातो. समजा तुम्ही आधी आवाजाच्या दिशेला आडवे ३ मीटर प्रतिसेकंद उजवीकडे जात होता, मग वळून तेवढेच डावीकडे गेलात. तुमच्या आडव्या वेगात ६ मीटर प्रतिसेकंदांचा फरक पडला. या दोन वाटांमध्ये दिशा बदलण्याच्या गतीत मिनिटाला ७ अंशांचा फरक दिसला. तर ६ ला त्या फरकानं भागा (अंशांचे रेडियन आणि मिनिटाचे सेकंद करून). अंतर सुमारे २९५० मीटर. समोरच्याचा वेग न विचारता!

अट एकच: तुम्ही वळत असताना समोरच्यानं वळायचं नाही. व्यापारी जहाज वळत नाही. पाणबुडी सहसा हळू असते, वेळ मिळतो. पण ४० नॉटवाली वस्तू ते २९५० मीटर सव्वादोन-अडीच मिनिटांत कापते. दोन वाटा चालायला, दिशा स्थिर मोजायला तेवढा वेळ पुरत नाही. म्हणून आधुनिक टॉर्पेडोविरोधी बचावाचा भर अंतरावर कमी आणि फसवण्यावर जास्त. आपल्याकडे २०२० मध्ये नौदलात आलेली 'मारीच' ही यंत्रणा त्यातलीच. जहाजाच्या मागे आवाज करणारं एक सोंग ओढत न्यायचं, टॉर्पेडोनं सोंगाच्या मागे लागावं. रामायणातलं नाव कोणी सुचवलं माहीत नाही, पण याहून चपखल सुचणार नाही. सोनारचं बरंच स्वदेशी काम कोचीच्या प्रयोगशाळेत होतं आणि टॉर्पेडोचं विशाखापट्टणमला. तिथला 'वरुणास्त्र' ४० नॉटचा आहे, माझा वरचा आकडा तिथूनच घेतला.

आणखी एक, पाण्याबद्दल. मघापासून आपण सगळे आवाज सरळ रेषेत जातो असं धरून चाललोय. अरबी समुद्रात वरचा थर गरम आणि खालचा गार असतो. आवाज हळू जाणाऱ्या पाण्याकडे वाकतो, म्हणजे खाली. त्यामुळे काही अंतरावर अशी सावली पडते की तिथली पाणबुडी पिंगला दिसतच नाही आणि तिला मात्र वरच्या जहाजाचे पंखे ऐकू येत राहतात.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ आपल्या 'खुकरी' आणि 'किरपाण' या युद्धनौका एका पाणबुडीच्या शोधात होत्या. त्या पाकिस्तानी पाणबुडीनं, 'हंगोर'नं, त्यांना आधी ऐकलं. 'खुकरी' काही मिनिटांत गेली. १८ अधिकारी, १७६ नाविक. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. दीवला स्मारक आहे, समुद्राकडे तोंड करून. पोरांना घेऊन गेलात तर तिथे पाच मिनिटं थांबा.

बुडबुडा

_/\_

मत्स्यगंधा

काकांच्या प्रतिसादानंतर लगेच लिहायला जड जातंय, पण धागा आवाजाचा आहे म्हणून थोडी भर.

पाणकान, तुम्हाला जी मोहरीची तडतड ऐकू आली ती कोळंबीची एक जात. तिचा एक पंजा मोठा असतो, तो ती इतक्या जोरात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटण्याचा तो आवाज. उष्ण किनाऱ्यांवरच्या उथळ पाण्यात काही किलोहर्ट्झपासून वरचा सगळा पट्टा या बाई व्यापून असतात. तुमची शिट्टी १०८० वर होती म्हणून वाचलात, पाच-दहा हजारांवर असती तर बुडाली असती.

आणि चढता पिंग, उतरता पिंग, एकलंड या सगळ्याच्या आधीपासून डॉल्फिन हे करताहेत. ते एक 'टिक' सोडतात, प्रतिध्वनी परत येईपर्यंत थांबतात, वर सुमारे २० मिलिसेकंद विचार केल्यासारखे थांबतात, मग पुढची टिक. म्हणजे दोन टिकांमधलं अंतर ऐकून डॉल्फिन कुठे बघतोय ते आपल्याला कळतं! १५० मिलिसेकंदांचा खंड असेल तर त्याचं लक्ष साधारण १०० मीटरवर. मासा जवळ आला की टिका इतक्या दाट होतात की नुसती कुरकुर ऐकू येते. त्यांची टिक सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाहूनही छोटी असते, त्यामुळे काकांच्या १०० मीटर चुकीची भानगडच त्यांना नाही. माशाला तेवढ्या वेळात हलायला जागाच मिळत नाही.

अवांतर: घोळ मासाही आवाज करतो, पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून. तीच पिशवी, जिला 'बोत' म्हणतात आणि जिच्यापायी २०२१ मध्ये पालघरच्या मुरब्यातल्या एका बोटीला कोटीच्या वर भाव मिळाला होता.

शंकासूर

म्हणजे पाणकान यांनी बोटी सोडून घोळ ऐकायला हवेत. हायड्रोफोनचा खर्च तरी निघेल.

त्रिज्या

पाणकान, पुढचा प्रयोग सुचवू? बोट हलायची, सूर स्थिर असायची, कशाचीच अट नको असेल तर तीन चकत्या एका रेषेत लावा. आवाज वर्तुळात पसरतो. जवळच्या बोटीचं वर्तुळ लहान, त्याचा तुकडा वाकलेला. लांबच्या बोटीचं मोठं, त्याचा तुकडा जवळजवळ सरळ. मधल्या चकतीला आवाज टोकांपेक्षा किती आधी पोचतो त्यावरून वाक कळतो, वाकावरून त्रिज्या (माझं नाव सार्थकी लागलं). वाक म्हणजे चकत्यांमधल्या अंतराचा वर्ग भागिले बोटीच्या अंतराची दुप्पट. पाणबुड्यांच्या कुशीवर अशी तीन-तीन ठिकाणी हायड्रोफोन बसवतात. मध्यापासून टोक २० मीटरवर असेल तर २ किलोमीटरवरच्या आवाजाचा वाक १० सेंटिमीटर. ४ किलोमीटरला ५. चकती बसवताना बोटभर चूक झाली की संपलं.

पाणकान

त्रिज्याताई, लगेच हिशेब केला. माझ्याकडे तीन मीटरची काठी आहे, म्हणजे मध्यापासून दीड मीटर. ४० मीटरवरच्या बोटीला वाक २.८ सेंटिमीटर, वेळ १८ मायक्रोसेकंद. माझं रेकॉर्डिंग ४४,१०० वर होतं, म्हणजे दोन नोंदींमध्येच २२.७ मायक्रोसेकंद जातात. बोट दोन नोंदींच्या फटीतून निसटतेय.

सहा मीटरची काठी असेल तर ११ सेंटिमीटर, ७३ मायक्रोसेकंद, तीन नोंदी. हे जमेल. पण सहा मीटरचा सरळ बांबू, जो पाण्यात वाकणार नाही, तो आणायचा कुठून? आणि रेकॉर्डरला कान दोनच आहेत, तिसरा कोणाकडे असेल तर सांगा.

खाडीवयलो

सा मीटराचो वासो माझ्याकडे आसा. माडाचो, सरळ, जुन्या घराचो उतरवललो. पाण्यात टाकशात तर तरंगतलो, दोनय बाजूक दगड बांधूक व्हये. शिमग्याक येवा. बोटवालो माझो चुलतभाव, त्येका पन्नास रुपये जास्त देव नकात.